वास येईनासा झाल्यावर वसंतात बागेत काय करावं?

सुईदोरा · 9 मार्च, रात्री 9:40

काल संध्याकाळी आमच्या मोगऱ्याची या वर्षीची पहिली सात फुलं उमलली आणि मला त्यांचा वास आला नाही.

मोगऱ्यात काही खोट नाही. मागच्या पावसाळ्यात मला ताप आला होता. आठव्या दिवशी ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. आधी वाटलं सर्दी आहे, नाक मोकळं झालं की येईल. नाक मोकळं झालं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नळी घालून आतून पाहिलं, अडथळा काहीच नाही म्हणाले. तापाने वासाच्या पेशी दुखावल्या आहेत, भरून यायला वेळ लागेल, किती ते सांगता येणार नाही. त्यांनी घरी करायचा एक सराव दिला होता, चार वास रोज हुंगायचे. महिनाभर केला. चार रिकाम्या बाटल्या हुंगतेय असं वाटायचं, म्हणून सोडून दिला.

थंडीत फारसं जाणवलं नाही. पण आता झाडं एकेक करून जागी व्हायला लागली आहेत आणि माझ्या लक्षात येतंय की वसंत मी आजवर नाकानेच ओळखत आले.

आमची बाग लहान आहे. घराच्या मागे, वीस फूट बाय तीस. मोगऱ्याची चार झुडपं, एक कागदी लिंबू, कढीपत्ता, पांढरा चाफा, कुंपणाला लागून अबोलीची रांग, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कडुनिंब, ज्याची निम्मी पानगळ आमच्याकडे होते. या दिवसांत मागचं दार उघडलं की कोणाचं काय चाललंय ते पायरी उतरायच्या आधीच कळायचं. लिंबाला बहर आला की कळायचं. कडुनिंबाचा मोहोर तर इतका बारीक की तो मी मान वर करून कधी पाहिलाच नव्हता. रात्री खिडकीतून मधासारखा मंद वास आला की म्हणायचं, फुलला. आता सगळं डोळ्यांसमोर आहे आणि तरी मध्ये कोणीतरी काच बसवल्यासारखं वाटतं.

मोगऱ्याचं तर या वर्षी मी सगळं वेळच्या वेळी केलं होतं. जानेवारीच्या शेवटी छाटणी केली, उरलेली पानं काढून टाकली, आठ-दहा दिवस पाणी तोडलं, मग शेणखत आणि भरपूर पाणी. छान फुटवे आले, टोकाला तीन-तीन कळ्या. काल सहाच्या सुमाराला हे बाहेर आले आणि सवयीने म्हणाले, "आला बघ वास." आणि लगेच गप्प झाले. तेव्हापासून वासाचं ते काही बोलतच नाहीत, माझ्या मनाला लागू नये म्हणून. मला ते न बोलणंच जास्त लागतंय.

तर विचारायचं ते हे. तुमच्यापैकी कोणाचा वास गेला असेल, किंवा दिसणं-ऐकू येणं कमी झालं असेल, तर तुम्ही बागेत काय करता? मी संध्याकाळी पायरीवर बसते आणि दहा मिनिटांत उठून आत येते. पूर्वी तास-तास बसायचे.

आणि एक व्यवहारातली अडचण. पालापाचोळ्याच्या खताचा ड्रम आहे. खत नीट होतंय की सडतंय, हे मी वासावरूनच ठरवायचे. आता कसं ठरवू?

कुदळ · 9 मार्च, रात्री 10:55

खताचं आधी सांगतो, ते सोपं आहे.

ड्रममधलं मूठभर खत घ्या. वरचं नको, मधलं. आणि मूठ घट्ट पिळा. हात ओलसर झाला, बोटांच्या फटीतून एखाददुसरा थेंब आला, तर उत्तम चाललंय. पाणी ओघळलं तर आत हवा उरलेली नाही, ते सडणार. मूठ उघडल्यावर सगळं भुसभुशीत होऊन सांडलं तर कोरडं पडलंय, पाणी शिंपडा. ओघळत असेल तर कडुनिंबाची सुकी पानं भरपूर मिसळा, या दिवसांत ती आयतीच पडलेली असतात, आणि तळापासून वर-खाली करा. बोटांना बुळबुळीत लागलं की घाण वास सुटलाय असंच समजायचं. तयार झालेलं खत बोटांना रवाळ लागतं आणि त्यात पान कुठलं, साल कुठली ते ओळखू येत नाही.

आणखी एक मनावर घ्या. बागेतल्या फवारणीच्या औषधांच्या बाटल्यांवर ठसठशीत अक्षरांत नाव आणि तारीख लिहून ठेवा. लेबल गेलेली बाटली आपण हुंगून ओळखायला जातो. ते कोणीच करू नये, पण तुमच्या बाबतीत तर अंदाजही येणार नाही. नाव नसलेली असेल ती वापरूच नका.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही ताई. कोणी लिहिलं तर मलाही वाचायचंय.

हिरवी खिडकी · 10 मार्च, सकाळी 7:15

ताई, माझा वास चौदा महिने गेला होता. तुमच्या "चार रिकाम्या बाटल्या" वाचून पोटात कालवलं. मला तेव्हा नेमकं तसंच वाटायचं.

सराव पुन्हा सुरू करा. एका महिन्यात सोडायचा तो सराव नाही. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 साली तो प्रसिद्ध केला, त्यात गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास होते, दिवसातून दोनदा, आणि बारा आठवडे. ज्यांनी सराव केला त्यांच्यापैकी काही जणांत सुधारणा दिसली, सगळ्यांत नाही. मी खोटी आशा लावत नाही. पण वासाच्या चेतापेशींची एक गोष्ट मला फार धीर द्यायची. शरीरातल्या बहुतेक चेतापेशी एकदा गेल्या की गेल्या. नाकाच्या वरच्या टोकाला असलेल्या या मात्र आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात. झाडाला पालवी येत राहावी तशा. तुमच्या आत ते काम चालू असेल, दिसत नाही एवढंच.

हुंगताना घाई करू नका. आठ-दहा सेकंद, हलके हलके श्वास, आणि त्या वेळी तो वास पूर्वी कसा यायचा ते मनात आणायचं. मी बाटल्यांऐवजी जमेल तिथे बागेतलं ताजं घ्यायचे. गुलाबाची पाकळी, लिंबाचं चुरडलेलं पान. बाटलीकडे बघून मला काही आठवत नसे, पानाकडे बघून आठवायचं.

लिंबाच्या पानाचं एक सांगते, करूनच बघा. पान तोडून उन्हासमोर धरा, डोळ्यांच्या अगदी जवळ. पानभर सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पुटकुळ्या. लिंबाच्या पानाचा सगळा वास त्या ठिपक्यांत साठवलेला असतो, पान चुरडलं की त्या फुटतात. कढीपत्त्यातही असतात. मला वास येत नव्हता तेव्हा मी ते ठिपके बघत बसायचे. आहे, इथेच आहे, एवढं तरी समजायचं.

आणि एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे घाबरणार नाही. वास परत येताना कधी कधी भलताच येतो. मला पहिला वास आला तो गुलाबाचा, आणि तो जळक्या रबराचा होता! मी पाकळी फेकून दिली. डॉक्टरांनी समजावलं की नव्या पेशी मेंदूशी पुन्हा जोडल्या जात असताना असं होतं, त्याला पॅरोस्मिया म्हणतात, अनेकांच्या बाबतीत ती सुधारणेची खूण असते. माझ्या बाबतीत होती.

सुईदोरा · 10 मार्च, संध्याकाळी 7:30

कुदळ, मूठ पिळली. मनगटापर्यंत पाणी आलं! चार घमेली सुकी पानं घातली, ह्यांनी आणि मी मिळून ड्रम उलथापालथा केला. वेळेवर सांगितलंत.

हिरवी खिडकी, पान उन्हात धरलं. तीस वर्षांत हे झाड किती वेळा हाताळलं असेल, आणि हे ठिपके मी आज पहिल्यांदा पाहिले. दिसायला अगदी सुईने टोचून काढलेल्या नक्षीसारखे. सराव आजच सुरू केला, तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली.

तुमच्या ठिपक्यांमुळे मला माझीच एक गोष्ट आठवली. मी शाळेत मुलींना शिवणकाम शिकवायचे. पहिल्या तासाला सुई-दोरा नाहीच. डोळे मिटायचे आणि हातात येईल ते कापड ओळखायचं. मलमल, वायल, पॉपलीन, केंब्रिक, मांजरपाट. सुलटी बाजू कुठली, उलटी कुठली, उभा धागा कुठे जातो. आठवड्याभरात मुली चुकायच्या थांबायच्या. मी स्वतः अजूनही चुकत नाही.

म्हणून आज डोळे मिटून बागेत फिरले. लिंबाचं जुनं पान खळ घातलेल्या कापडासारखं, वाकवलं तर कडेला मोडतं की काय वाटतं. त्याच फांदीच्या शेंड्याची नवी पानं साटीनसारखी, बोट ठरत नाही. मोगऱ्याच्या पानाच्या उलट्या बाजूला शिरा टाचलेल्या दोऱ्यासारख्या वर आलेल्या. कडुनिंबाची एक फांदी भिंतीवरून अलीकडे लोंबते, तिला तांबूस पालवी आली आहे. ती हातात घेतली तर वजनच नाही. इतकी लिबलिबीत की तिला अजून ताठ कसं उभं राहायचं ते माहीत नाही. आणि मोगऱ्याची कळी! आज उमलणारी आणि उद्या उमलणारी यांत हाताला फरक लागतो. उद्याची घट्ट, बारीक, जराशी हिरवट. आजची टपोरी, गार, आणि दाबली तर आतून किंचित मागे ढकलते. मी अंधार पडेपर्यंत तिथेच होते. बसायचं विसरलेच.

जुना माळी · 13 मार्च, दुपारी 3:05

बाई, तुमच्याकडे अबोलीची रांग आहे असं लिहिलंत. मग तुम्ही तिच्याकडे पाठ करून मोगऱ्याकडे तोंड करून का बसता?

अबोलीला वास नसतोच म्हटलं तरी चालेल. तिच्यापाशी तुम्ही आणि मी सारखेच. मी बेचाळीस वर्षं लोकांच्या बागा केल्या, आणि पाहिलंय की वास असलेल्या फुलाचं लोक कौतुक करतात आणि अबोलीवरून नजर फिरवून पुढे जातात.

एक करा. अबोलीचे जे तुरे सुकून तपकिरी झाले आहेत ते कापू नका. चार दिवस तिथे पाणी देऊ नका, कडक वाळू द्या. मग एका संध्याकाळी वारा नसताना झारीने त्या सुक्या तुऱ्यांवर पाणी शिंपडा, झारी खाली ठेवा आणि हालचाल न करता बसा. अबोलीच्या शेंगांना ओल लागली की त्या तडकतात. बी लांब उडतं. आवाज ऐकू येतो, मी शब्दात लिहीत नाही, तुम्हीच ऐका. पावसाचा पहिला थेंब पडला की बी टाकायचं, म्हणजे रुजायला ओल मिळेल, असा तिचा हिशोब आहे. आपण झारीने तिला फसवतो, पण त्यात तिचं नुकसान नाही. ओल तर खरीच असते.

ऐकण्यासारखं आणखी सांगतो. कुंडीत एखादं वांग्याचं रोप लावा. वांग्याच्या फुलात मधोमध पिवळ्या पुंकेसरांचा सुळका असतो. पराग त्याच्या आत कोंडलेला, आणि टोकाला फक्त बारीक भोक. मधमाशीला तो काढता येत नाही. काळा मोठा भुंगा येतो, सुळक्याला मिठी मारतो आणि अंग थरथरवतो, तेव्हा मिठाच्या डबीतून मीठ पडावं तसा पराग पडतो. भुंगा उडताना जो आवाज करतो तो वेगळा, आणि फुलाला धरून जो करतो तो वेगळा, चढा, तुटक. एकदा कानात बसला की पाठमोरं काम करतानाही कळतं की मागे फळ धरतंय.

माझी नजर आता अधू झाली आहे. रोपांची नावं मी हाताने आणि कानानेच सांगतो.

सुईदोरा · 17 मार्च, रात्री 8:50

माळीकाका, एकोणीस.

तुम्ही सांगितलंत तसं चार दिवस कोरडं ठेवलं. आज साडेसहाला पाणी शिंपडलं आणि पायरीवर बसले, या वेळी कुंपणाकडे तोंड करून. थोडा वेळ काहीच नाही. मला वाटलं तुरे अजून हिरवे असतील. मग टक्. इतका स्वच्छ आवाज की मी मागे वळून पाहिलं, कोणी चुटकी वाजवली का म्हणून. मग दोन एकदम. एक बी माझ्या पायाशी फरशीवर येऊन आपटलं आणि घरंगळत गेलं. हे आतून विचारायला आले, "काय वाजतंय?" मी बोटाने गप्प राहायची खूण केली, तर तेही पायरीवर बसले. आम्ही दोघं मिळून एकोणीस मोजल्या. मधली एक मांजरामुळे हुकली असेल.

जिचं नावच अबोली तिचं हे बोलणं मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. बी आठ-दहा गोळा करून ठेवलं आहे. चपटं, खडबडीत.

ह्यांना घेऊन बसले तरी त्यांनी मोगऱ्याचा विषय काढला नाहीच. काल जवळजवळ चाळीस फुलं होती.

अक्षरओळख · 18 मार्च, रात्री 11:20

मी बागकाम करत नाही, गॅलरीत चार कुंड्या आहेत तेवढ्याच. पण तुमच्या शेवटच्या ओळीवर लिहावंसं वाटलं.

यजमानांना तुम्हीच विचारा. "वास येतोय का" असं नको, त्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. विचारा, "आज कसा आहे?" सुरुवातीला ते अडतील, कारण मोगऱ्याचा वास मोगऱ्यासारखा, याच्या पुढे आपण कधी जातच नाही. पण आपल्या भाषेत वासाला शब्द थोडे आहेत का? दरवळ म्हणजे लांबवर पसरलेला, येतो-जातो असा. घमघमाट म्हणजे एका जागी दाटलेला. परिमळ हळुवार. भपकारा अंगावर येतो. दर्प नाकात घुसतो. शिवाय उग्र, हिरवट, मातकट, कोंदट, कुबट, आंबूस, करपट. डोळ्यांनी पाहिलेल्या रंगांच्या छटा आपण सहज सांगतो, नाकाचे शब्द कपाटात ठेवून दिलेत. ते बाहेर काढायला तुमच्या घरात आता चांगलं कारण आहे.

तुम्हाला दुखेल म्हणून ते गप्प आहेत. गप्प राहायची गरज नाही हे तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळणार नाही.

कुदळ · 19 मार्च, सकाळी 6:40

ड्रमचं काय झालं ते कळवा ताई. आणि एक वही घाला. तारीख आणि काय झालं ते, बस. इंग्लंडमध्ये नॉरफोकला रॉबर्ट मार्शम म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी 1736 पासून आपल्या जागेतल्या वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली. कुठलं फूल कधी आलं, कुठल्या झाडाला पान कधी फुटलं, कुठला पक्षी कधी ओरडला, बेडूक कधीपासून ओरडायला लागले. ते गेल्यावर घरातल्या पुढच्या पिढ्यांनी 1958 पर्यंत ते चालू ठेवलं. जपानात क्योटोला तर चेरीच्या बहराच्या नोंदी इसवी सन 812 पासूनच्या मिळतात, त्यावरूनच सांगता आलं की 2021 चा बहर तोवरच्या बाराशे वर्षांत सगळ्यात लवकरचा होता, 26 मार्चचा. या सगळ्या नोंदी डोळ्यांनी आणि कानांनी केलेल्या आहेत. तुम्हाला सगळं जमण्यासारखं आहे.

सुईदोरा · 11 एप्रिल, रात्री 10:10

बरेच दिवस लिहिलं नाही, पण वही रोज लिहिली. त्यातलंच थोडं उतरवते.

21 मार्च. ड्रम उघडला. मूठ पिळली, एक थेंब. बुळबुळीतपणा गेला.

24 मार्च. चाफ्याच्या उघड्या फांदीच्या टोकाला पानं यायच्या आधीच फुलांचा तुरा. फांदी हाताला म्हाताऱ्या माणसाच्या ढोपरासारखी, आणि तिच्यातून हे.

26 मार्च. लिंबाखाली पाकळ्या पडल्या आहेत, जाड, मेणासारख्या. फांदीवर त्यांच्या जागी हिरवे मणी. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काहीतरी होतं, पुसायला गेले तर हललं. फुलपाखराची अळी. काडीने स्पर्श केला तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग बाहेर काढलं. त्याला घाण वास असतो म्हणतात, समोरच्याने पळून जावं म्हणून. मी काही पळाले नाही, बघत बसले. दोन पानं तिची.

30 मार्च. मान वर करून कडुनिंबाचा मोहोर पाहिला. पाच पाकळ्या, पांढऱ्या, तांदळाच्या दाण्याहून बारीक. सकाळी फरशी झाडताना केरसुणीखाली रांगोळी सांडल्यासारखा सडा.

ह्यांना मी विचारलं. अक्षरओळख, तुमचंच वाक्य वापरलं, "आज कसा आहे?" पहिल्या दिवशी म्हणाले, "मोगऱ्यासारखा." दुसऱ्या दिवशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "गार आहे." मी म्हटलं, वास गार कसा असेल? तर म्हणाले, "आहे खरा." मग त्यांना नादच लागला. पाणी घातल्यावर वेगळा असतो, खाली मातकट आणि वर गोड. रात्री दहाला सर्वांत दाट. सकाळी फुलं पिवळसर पडली की वास जड होतो, जरासा शिळा. आपलं नाक इतकं चालतं हे मला माहीत नव्हतं, असं ते परवा म्हणाले. वहीत त्यांच्या अक्षरातही नोंदी आहेत आता. एक नोंद अशी: "मोगरा, रात्री साडेनऊ. वारा पडला. घमघमाट नाही, दरवळ."

सराव चालू आहे. दिवसातून दोनदा, एकही दिवस चुकला नाही. चारही बाटल्या कोऱ्याच.

आता आजचं लिहिते. ते लिहायलाच बसले आहे.

संध्याकाळी फुलं काढत होते. ओंजळ भरली म्हणून सवयीने नाकाशी नेली. आणि काहीतरी जळतंय असं वाटलं. मी ओंजळ तशीच धरून आत धावले, गॅस पाहिला, इस्त्रीचं बटण पाहिलं. सगळं बंद होतं. बाहेर आले, पुन्हा नाकाशी नेली. पुन्हा तेच. इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की सुती कापड करपतं ना, पिवळा डाग पडायच्या आधीचा वास, अगदी तो. तीस वर्षं शिवणाच्या वर्गात तो वास आला की मी न बघता ओरडायचे, "कोणाची इस्त्री, उचला!" मी चुकणार नाही त्या वासात.

फुलं खाली ठेवली. वास गेला. उचलली. आला. असं सहा-सात वेळा केलं. अबोलीची फुलं हुंगली, काही नाही. लिंबाचं पान चुरडलं, काही नाही. पुन्हा मोगरा. करपलेलं सुती कापड.

ह्यांना हाक मारली. ते आले, मी ओंजळ पुढे केली आणि म्हटलं, "आज कसा आहे?" त्यांनी हुंगलं, म्हणाले, "काल होता तसाच. गार, गोड." मग मी म्हटलं, "मला सांगू दे." आणि सांगितलं. ते काही बोलले नाहीत. वही आणायला आत गेले.

हिरवी खिडकी · 11 एप्रिल, रात्री 10:32

ताई!! करपट का होईना! उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून सांगा. आणि मोगऱ्यावर रागवू नका, मी गुलाबावर दोन महिने रागावले होते.

सुईदोरा · 11 एप्रिल, रात्री 10:50

रागवत कसली. वाटीभर फुलं उशाशी ठेवली आहेत, पाण्यात. दर थोड्या वेळाने जाऊन बघते. अजून आहे.